यहूदी, परराष्ट्रीय आणि तारणाची पंगत

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एका थोर सिद्धांताचा उगम इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास अंत्युखिया नगरीत जेवणावरून झालेल्या एका तंट्यात आहे, हे सांगितले असता अन्य देशीय वाचकाला कदाचित नवल वाटेल. परंतु कोण कोणाच्या पंक्तीला बसतो आणि कोण कोणाच्या हातचे पाणी पितो एवढ्यावरून माणसाची सारी सामाजिक कैफियत ज्याला लहानपणापासून वाचता येते, त्या महाराष्ट्रीयास तो तंटा समजावून सांगण्याचे प्रयोजन पडू नये. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र हा तेथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदीतर, बंधुजनांबरोबर मोकळेपणाने जेवत असे. पुढे यरुशलेमहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, तेव्हा लोक काय म्हणतील या धास्तीने तो हळूहळू निराळा बसू लागला, आणि त्याचे पाहून बर्णबासारखा उदार मनाचा मनुष्यही उठून गेला. प्रेषित पौलाने सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला आणि ती हकीकत गलतीकरांस धाडलेल्या पत्रात, कसलाही आडपडदा न ठेवता, नमूद करून ठेवली.

या वादात परराष्ट्रीयांना तारण मिळेल की नाही हा प्रश्नच नव्हता. सर्व राष्ट्रे एके दिवशी सीयोनाकडे येतील अशी आशा यशयादी संदेष्ट्यांनी पूर्वीच व्यक्त केली होती, आणि सभास्थानांच्या आसपास देवभीरू परराष्ट्रीयांचा राबताही होता; रोमन शताधिपती कर्नेल्य हा त्यांपैकीच एक. वाद होता तो प्रवेशाच्या अटीचा. सुंता करून, मोशेचे नियमशास्त्र शिरोधार्य मानून, म्हणजे आधी यहूदी होऊन मग मशीहाच्या घरात शिरावे, की आहे तसेच यावे? इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत भरलेल्या सभेने निकाल दिला तो तडजोडीचा, पण निःसंदिग्ध: सुंतेची सक्ती नाही, मूर्तीला दाखविलेला नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढी मात्र वर्ज्य करावीत. या चार कलमांतील तीन खाण्यासंबंधी आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोन समाजांना एकत्र जेवता यावे यासाठी एकाने आपला आग्रह सोडावा आणि दुसऱ्याने आपले ताट सांभाळावे, असा तो व्यवहारी तहनामा होता.

या भेदाचे दगडी रूपही आपल्यापुढे आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात परराष्ट्रीयांनी ज्याच्या पलीकडे पाऊल टाकू नये असा एक कठडा होता, आणि आत शिरणाऱ्याने स्वतःच्या मृत्यूस स्वतः जबाबदार राहावे अशी ताकीद देणारा ग्रीक शिलालेख फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो यास 1871 साली सापडला. इफिसचा त्रफिम नावाचा परराष्ट्रीय पौलाने या कठड्याआड नेला, अशा निव्वळ संशयावरून जमाव उसळला आणि पौलाला अटक झाली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, मग ते पौलाच्या हातचे असो अथवा, पुष्कळ पंडित म्हणतात त्याप्रमाणे, त्याच्या एखाद्या शिष्याचे असो, ख्रिस्ताने दोघांमधील आडभिंत पाडून दोघांचा एक नवा मनुष्य केला, अशी जी प्रतिमा येते तिच्यामागे हा खराखुरा कठडा उभा असावा, असे मानावयास पुष्कळ जागा आहे.

परंतु एवढ्यावर हा सिद्धांत संपत नाही. त्याचे दुसरे अंग रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत आहे. तेथे पौल उलट्या दिशेने बोलतो. आता तो परराष्ट्रीयांना बजावतो की तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, मूळच्या बागायती झाडावर कलम केलेल्या. मूळ तुम्हांला पोसते, तुम्ही मुळाला नव्हे, तेव्हा तुटलेल्या फांद्यांपुढे बढाई मिरवू नका. देवाने इस्राएलास दिलेली सनद रद्द झालेली नाही. म्हणजे बाहेरच्याने आत येण्यासाठी आपले बाहेरचेपण पुसून टाकण्याची गरज नाही, हे पहिले अंग. आणि आतला मनुष्य बाहेर फेकला गेलेला नाही, हे दुसरे. माझे मत असे की पुढील अठराशे वर्षांत ख्रिस्ती मंडळीने दुसरे अंग गमावले, आणि ते गमावल्यामुळे पहिल्याचाही अर्थ उलटा झाला: ज्या घरात पाहुण्याला मुभा होती, त्या घराचा पाहुणाच मालक झाला आणि मूळच्या घरधन्याला वेश बदलून येण्याचा हुकूम सोडू लागला.

हा पालट कसा झाला याचा विस्तार येथे नको. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन हा त्रुफोन या यहूद्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या ग्रंथात मंडळी हेच खरे इस्राएल असे प्रतिपादितो, तरी नियमशास्त्र पाळणाऱ्या यहूदी ख्रिस्तानुयायाला, तो इतरांवर सक्ती करीत नसेल तर, तारणाबाहेर ढकलत नाही. ऑगस्टीन आणि जेरोम यांच्यात अंत्युखियातील त्याच जुन्या तंट्यावरून, पेत्र खरोखर चुकला होता की त्याने केवळ सोंग केले, असा कडाक्याचा पत्रव्यवहार होतो. आणि 386–387 साली त्याच अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम हा यहूद्यांच्या सणाला सभास्थानात जाणाऱ्या आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांवर असा कोरडा ओढतो की ती प्रवचने आजही वाचवत नाहीत. जेथे एका पंक्तीला बसण्यासाठी पौल भांडला, तेथेच एकत्र बसणे हा आता अपराध ठरला होता.

आपल्या किनाऱ्यावर या सिद्धांताची पहिली मोठी परीक्षा गोव्यात झाली, आणि तीत तो सपशेल अनुत्तीर्ण झाला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला. त्याचे आईबाप 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले यहूदी, आणि 1497 मध्ये पोर्तुगालच्या राजाने सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्यांपैकी. गार्सिया अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी मानाने वावरला. मुंबईचे बेट त्याच्याकडे इजाऱ्याने होते, आणि तेथील आपल्या आंब्यांचा त्याला अभिमान होता. हिंदुस्थानातील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला, आणि या देशातील वनस्पतिशास्त्राचा इतिहास त्याच्यावाचून सांगता येत नाही. चर्चच्या दप्तरी तो ख्रिस्ती होता. परंतु ‘नवा ख्रिस्ती’ हे विशेषण त्याला आणि त्याच्यासारख्या सहस्रावधींना असे काही चिकटले होते की बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही ते निघत नव्हते. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. 1568 साली गार्सिया वारला, तो सुटला असे म्हणावे. कारण पुढच्याच वर्षी गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून अग्नीत टाकण्यात आली. आधी यहूदीपण टाक, तरच आत घेतो, असे म्हणावयाचे. आणि टाकल्यावर, तुझ्या रक्तातले गेलेले नाही, असे म्हणून पुन्हा बाहेर काढावयाचे: कठडा पाडणाऱ्यांच्या वारसांनी उभारलेल्या या नव्या कठड्याला मंदिरातल्यासारखी उघड ताकीद लिहिलेली पाटीसुद्धा नव्हती.

गोव्याच्या उत्तरेस, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, याच सुमारास आणि याच्या कितीतरी आधीपासून यहूद्यांचा एक समाज असा नांदत होता की ज्याला या साऱ्या वादाची गंधवार्ता नव्हती. बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, ते नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले असे सांगतात. घाणा चालवावा, शनिवारी तो बंद ठेवावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करावी, खवले व पर नसलेला मासा खाऊ नये, आणि प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी शमा हा एकेश्वराचा उच्चार करावा, एवढ्या शिदोरीवर त्यांनी शतके काढली. त्यांच्या सणांची नावे पाहावीत: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा, खिरीचा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याचा उपवास सोडताना ज्या समाजाच्या पानात वालाचे बिरडे पडते, त्याला परदेशी कोण म्हणेल? आडनावे केहीमकर, राजपूरकर, दिवेकर. धर्मकृत्ये चालविणारा तो काजी, गावचा पुढारी तो मुकादम. आणि नवस फेडावयाचा तर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने पोहे, ओले खोबरे, साखर व फळे एका ताटात मांडून मलिदा करावयाचा. 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले.

या समाजाकडे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट पाद्र्यांची दृष्टी वळली, आणि ती केवळ परोपकाराची नव्हती. रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय ज्यांनी मनात घोळविला होता, त्यांना असे वाटे की इस्राएलाचे मन वळणे ही युगान्ताची खूण आहे, आणि येथे कोकणात तर हरवलेल्या दहा वंशांचा एक तुकडाच सापडला! अमेरिकन मिशनने आपल्या मराठी शाळांतून बेने इस्राएल शिक्षक नेमले. 1829 साली मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले, आणि पुढे या समाजाच्या चालीरीतींविषयी स्वतंत्र निबंध लिहिला. मराठीत छापलेला जुना करार बेने इस्राएलांच्या हाती पडला, तो पाद्र्यांच्याच छापखान्यांतून.

आणि मग झाले ते पाद्र्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट. व्याकरण त्यांनी घेतले, शाळा घेतल्या, ग्रंथ घेतले. बाप्तिस्मा तुरळक अपवाद सोडता कोणी घेतला नाही. जी हिब्रू ख्रिस्ताकडे नेण्यासाठी शिकविली, तिने ते आपल्या विसरलेल्या प्रार्थनांकडे परत गेले. योसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1874 साली पुण्यात वल्हांडणाची हग्गादा हिब्रू व मराठी अशी समोरासमोर शिळाछापावर निघाली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया चक्क लुगड्यांत आहेत. 1880 च्या सुमारास अब्राहामाची आणि योसेफाची आख्याने लावून बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली, तीही मराठी चालींवर. हाईम शमुवेल केहीमकर, ज्यांनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली आणि ज्यांचा 1897 साली लिहिलेला समाजेतिहास त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी, 1937 मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला, ते विल्सनादी पाद्र्यांचे ऋण मनमोकळेपणाने मान्य करतात. धर्मांतराचा मात्र प्रश्नच त्यांच्यापुढे उभा राहत नाही. मिशनच्या जमाखर्चात हे अपयश म्हणून पडले असेल. मला विचाराल तर, मुळाशी उद्धटपणा करू नका हा पौलाचा उपदेश हिंदुस्थानात जर कोठे नकळत अमलात आला असेल, तर तो याच व्यवहारात.

बेने इस्राएलांना कठड्यांची ओळख नव्हती असे मात्र समजू नये. त्यांच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भेद होते. मिश्र संबंधांतून जन्मल्याचा शिक्का बसलेल्या काळ्यांशी गोऱ्यांचा रोटीबेटीव्यवहार होत नसे. पुढे काळाने त्याचा विचित्र सूड उगवला: इस्राएलच्या नव्या राष्ट्रात गेल्यावर 1962 पासून तेथील मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीने साऱ्याच बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीची चौकशी विवाहप्रसंगी सुरू केली, आणि ते सर्वार्थाने यहूदी आहेत हे सरकारला 1964 साली जाहीर करावे लागले.

याच वर्षांत रोममध्ये जुन्या हिशेबाची वही उघडली जात होती. हिटलरच्या राजवटीत साठ लक्ष यहूदी मारले गेले, ते बाप्तिस्मा झालेल्या युरोपात. तेव्हा अठराशे वर्षांच्या प्रवचनांचा या पापात वाटा किती, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक 1960 साली पोप तेविसावे योहान यांना भेटले, पोपनी कार्डिनल बेआ यांच्याकडे काम सोपविले, आणि 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 2221 विरुद्ध 88 मतांनी संमत केलेले ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध झाले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सबंध यहूदी समाजावर, त्या काळच्या वा आजच्या, लादता येत नाही, असे ते सांगते. आणि त्याचा आधार पौलाचे तेच जैतुनाचे झाड.  

विद्वानांचेही पाऊल याच वाटेवर पडत होते. स्वीडिश लूथरपंथी क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1963 साली मांडले की पौल हा लूथरसारखा पापभीतीने व्याकूळ झालेला एकाकी जीव नव्हे. माझा पापी जीव कसा तरेल, हा त्याचा प्रश्नच नव्हता, त्याचा प्रश्न यहूदी आणि परराष्ट्रीय एका प्रजेत कसे नांदतील हा होता. ई. पी. सँडर्स यांच्या 1977 च्या ग्रंथाने पहिल्या शतकातील यहूदी धर्म हा कोरड्या कर्मठपणाचा बाजार होता, हा समजही मोडीत काढला. हे म्हणणे सर्वांना मान्य नाही. व्यक्तीच्या पापमुक्तीचा प्रश्न पौलाकडे गौण होता असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक आहे, या आक्षेपात मला तथ्य वाटते. 2015 च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या आयोगाने, यहूद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी कॅथलिक चर्च कोणतेही संस्थात्मक मिशन चालवीत नाही, असे स्पष्ट लिहिले. अनेक इव्हँजेलिकल पंथ मात्र तसे मिशन हे आपले कर्तव्यच मानतात.

एकत्र येऊनही वेगळे राहण्याचा हा पेच घराजवळही दिसतो. ज्या बरखेड्यात मी राहतो, ती भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत. 1956 पासून कारखान्याने येथे सगळ्या प्रांतांतली माणसे आणून एकाच नमुन्याच्या क्वार्टरांत शेजारी शेजारी बसविली. सायरन वाजला की मराठी, मल्याळी, बंगाली, छत्तीसगढी साऱ्यांनी एकाच फाटकातून आत जावयाचे, आणि पाळी संपल्यावर ज्याने त्याने आपापल्या मंडळात, आपापल्या गणेशोत्सवात अथवा प्रार्थनेत. यांतील मल्याळ्यांच्या केरळात तर हे कुंपण चर्चच्या आतच आहे: तेथील सिरियन ख्रिस्ती समाजात क्नानाया नावाची एक शाखा आहे. क्नाईच्या थोमाबरोबर आलेल्या यहूदी ख्रिस्ती कुळांपासून आपण झालो असे ती मानते, आणि समाजाबाहेर लग्न केलेल्यास तिच्या देवळात सभासदत्व उरत नाही, यावरून न्यायालयापर्यंत फिर्यादी गेल्या आहेत. एका प्रभूची, एका बाप्तिस्म्याची आणि तरीही वंशाच्या कुंपणाची अशी सांगड पौलापुढे ठेवली असती तर त्याने कोणाला पत्र लिहिले असते, हे सांगावयास नको.

महाराष्ट्रात हा सिद्धांत खरा कसोटीस लागला तो यहूद्यांच्या बाबतीत नव्हे, जातीच्या बाबतीत. 1843 साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला; त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत न्यायालयाच्या हुकमाने घरी परतला, पण पाद्र्याच्या घरी जेवलेल्या त्या मुलाला जातीत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याचा ब्रह्मवृंद दुभंगला, आणि घ्यावे म्हणणारे बाळशास्त्री जांभेकर टीकेचे धनी झाले. पुढे नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवून आपले आयुष्य महार-मांगांत घालविले. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. तेथे मठातील त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाईंचा शाकाहार हा जात्याभिमानाचा अवशेष वाटला, आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत हा हट्टही खटकला. रमाबाईंनी पत्रांतून जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की ख्रिस्ताला मानले म्हणून इंग्रजांचे जेवण जेवण्यास मी बांधील नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्या बाईंनी आपल्या गुरूंपेक्षा अधिक नीट वाचला होता.

यापुढचे पाऊल कवी नारायण वामन टिळकांचे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षे अमेरिकन मिशनमध्ये काम केल्यावर 1917 साली त्यांनी ते सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून आसन होते. वरवर पाहता ही कवीची लहर वाटते. पण हिंदुस्थानात बाप्तिस्मा हा केवळ संस्कार राहिला नव्हता. घर, गाव, जात, कुळाचार सोडून मिशनच्या कंपाउंडात राहावयास जाण्याचा तो दाखला झाला होता, म्हणजे अंत्युखियात जे स्थान सुंतेला होते तेच येथे त्याने घेतले होते. हिंदूला ख्रिस्ताचा होण्यासाठी आधी मिशनचा व्हावे लागेल काय, हा टिळकांचा सवाल अक्षरशः पौलाचा सवाल आहे. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले, आणि दरबार फार काळ चालला नाही.

टिळकांविषयी माझ्या मनात आदर आहे, तरीही त्यांच्या भूमिकेत एक उणीव मला जाणवते, आणि ती अहमदनगरच्या मंडळ्यांतील बहुसंख्य महार-मांग ख्रिस्ती मंडळींकडून पाहिल्यावर दिसते. आहे तसे या, हे आमंत्रण ज्याचे ‘आहे ते’ प्रतिष्ठेचे आहे त्यालाच गोड लागते. चावडीबाहेर ज्याला उभे केले जाते, ज्याच्या सावलीचा विटाळ होतो, त्याला आहे तसे राहण्यात कसला लाभ? त्याला गलतीकरांस पत्रातील ते दुसरे वचन हवे होते ज्यात यहूदी-हेल्लेणी याबरोबर दास आणि स्वतंत्र हाही भेद पुसला आहे. आणि तो भेद चर्चमध्येही पुरता पुसला गेला नाही, असा डॉ. आंबेडकरांनी ठेवलेला ठपका अनाठायी नव्हता. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त आपले सोवळे कसकसे गळत गेले याची हसत हसत दिलेली कबुली वाचताना हे विसरू नये की गळण्यासाठी त्यांच्यापाशी सोवळे तरी होते. राज्याने तर या प्रश्नाला आपला वेगळाच निवाडा जोडला: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या सूचीतून गळतो, जणू बाप्तिस्म्याने अस्पृश्यता धुऊन निघाली हे सरकारने मंडळीपेक्षा अधिक श्रद्धेने मानले आहे. हा निवाडा फेरविचारार्थ 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगाकडे सोपविण्यात आला.